कॉबचा जमाखर्च

नगरपालिकेचा जमाखर्च लिहिण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे जुनं बंदर दिसलं की दुरुस्तीचा पैसा कोण देत होतं, हा प्रश्न मला आधी पडतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रीजिसचं उत्तर मला फार आवडतं. 1284 मध्ये पहिल्या एडवर्डच्या सनदेनं गावाला नगराचा दर्जा मिळाला. तिथला वाकडा बंधारा म्हणजे ‘कॉब’. ओकचे खांब रोवून मधे दगडगोटे भरायचे. मोठाले दगड रिकाम्या पिंपांना बांधून, तरंगवत आणायचे. असं बांधकाम समुद्र किती दिवस राहू देणार? 1377 च्या वादळात कॉब गेला, सोबत घरं आणि होड्याही.

म्हणून नगरानं बंधाऱ्यासाठी वेगळे कारभारी नेमले. जहाजांकडून धक्क्याची पट्टी घ्यायची, खांब बदलायचे, हिशेब द्यायचा. एवढ्यानं भागत नसे, तेव्हा दरवर्षी ‘कॉब एल’ नावाची जत्रा भरवून गावजेवण आणि बिअरमधून वर्गणी उभी करत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कर्मठ प्युरिटनांनी ती बंद पाडली. मला हे नुकसान वाटतं. ज्यानं वर्गणी दिली, तो बंधाऱ्याकडे लक्षही ठेवतो.

नोव्हेंबर 1824 च्या वादळानंतरची मोठी दुरुस्ती मात्र सरकारी लष्करी अभियंत्यांनी केली. आज बंदर डॉर्सेट कौन्सिलकडे आहे.