उताराच्या स्कीइंगमधील शारीरिक तयारी : एक ऐतिहासिक टिपण

आल्प्समधील उताराच्या स्कीइंगचा इतिहास सामान्यतः तंत्राचा वा विजेत्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. खेळाडूचे शरीर कोठे व कसे घडत होते, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. या खेळासाठी स्वतंत्र व्यायामाची गरज मुख्यतः यंत्राने निर्माण केली, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

जानेवारी १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधील मोंताना येथे अर्नोल्ड लन यांच्या पुढाकाराने 'रॉबर्ट्स ऑफ कंदाहार' चषकाची शर्यत झाली. चषकदाते लॉर्ड रॉबर्ट्स हे कानपूरला जन्मलेले आणि १८८० मधील काबूल ते कंदाहार या कूचामुळे कीर्ती पावलेले सेनानी होत. एका अफगाण शहराचे नाव स्कीइंगच्या जगात रुजले ते असे! स्पर्धक आदल्या दिवशी डोंगर चढून विल्डस्ट्रूबेलच्या निवाऱ्यात मुक्कामाला गेले आणि दुसऱ्या दिवशी प्लेन मोर्त हिमनदीवरून खाली निघाले. उतरण्याचा अधिकार चढून मिळवावा लागत असे. दम आणि पायांचे बळ यांची परीक्षा शर्यतीपूर्वीच होऊन गेलेली असे.

पुढे चौदा वर्षांत चित्र पालटले. वेंगेन गावाहून वर जाणारी, आपल्या उटीच्या गाडीसारखी दातेरी रुळाची रेल्वे १८९३ पासून होती. तिच्यातून वर जाऊन केवळ खाली उतरणाऱ्या इंग्रज मंडळींनी १९२५ मध्ये तेथे मंडळ स्थापले. त्याचे नाव 'डाउनहिल ओन्ली'. या नावातच एका युगाचा अंत नोंदला गेला आहे. १९३४ मध्ये दावोस येथे एर्न्स्ट कोन्स्टाम यांची ओढलिफ्ट सुरू झाली. १९३६ मध्ये अमेरिकेतील सन व्हॅली येथे खुर्ची-लिफ्ट आली. तिची कल्पना जहाजात केळीचे घड चढविणाऱ्या यंत्रावरून सुचली होती.

लिफ्टमुळे श्रम वाचले, हे वरवरचे निरीक्षण झाले. चढून जाणारा माणूस दिवसाकाठी एखाददुसऱ्यांदाच उतरे. लिफ्टने जाणारा दहा-पंधरा वेळा उतरू लागला. चढताना मांडीचा स्नायू आखडत बल लावतो, तर उतरताना तो ताणला जात असतानाच भार रोखून धरतो. गड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात, त्याचे कारण हेच. म्हणजे चढणीने मिळणारा दमसास नाहीसा होत असतानाच उताराचा हा विशिष्ट ताण कितीतरी पटींनी वाढला. बर्ग, आयकेन व टेश या स्वीडिश संशोधकांनी १९९५ मध्ये जायंट स्लॅलमच्या खेळाडूंवर मोजमापे करून, वळण घेताना ताणत रोखणाऱ्या क्रियेचेच प्राबल्य असल्याचे दाखविले.

प्रशिक्षकांना याची जाणीव अनुभवाने आधीच झाली असावी. १९६० मध्ये स्क्वॉ व्हॅलीच्या ऑलिम्पिकमध्ये ज्याँ व्ह्युआर्ने अंड्यासारखी अंग मुडपलेली मुद्रा घेऊन जिंकला. ती मुद्रा वेगात टिकविणे हे मांड्यांचेच काम. १९७४ ते १९८९ या काळात विश्वचषकाच्या ८६ शर्यती जिंकणारा इंगेमार स्टेनमार्क बर्फाबाहेर एकचाकी सायकल चालवी, दोरीवरून चाले. सामान्य हौशी मंडळींसाठी जर्मन भाषेत 'स्कीगिम्नास्टिक' हा स्वतंत्र शब्दच रूढ झाला. हिवाळ्यापूर्वीच्या या व्यायामांत आपल्या तालमीतील बैठकांसारखे प्रकार असतात. त्यांत सावकाश खाली जाण्याचा भाग वर येण्याहून अधिक मोलाचा असतो, कारण स्नायूला ताणत रोखण्याची सवय तेथेच लागते.

तथापि बळकट मांड्यांनी सारे प्रश्न सुटले नाहीत. सुधारित बूट व सुटणाऱ्या बंधांमुळे घोटे व नडगीचे अस्थिभंग घटले. परंतु व्हरमाँटमध्ये १९७२ पासून चाललेल्या पाहणीत १९८० च्या दशकात गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. मांडीचा पुढचा स्नायू एकटाच बलवान झाल्यास तो नडगीचे हाड पुढे खेचून याच अस्थिबंधावर ताण आणू शकतो. त्यामुळे मांडीच्या मागील स्नायूंना, ज्यांची दखल पूर्वी फारशी घेतली जात नसे, तयारीच्या व्यायामांत स्थान मिळाले.