पहाऱ्याचे पैसे

दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या इमारतीचा अलार्म पुऱ्या आवाजात एकदाच वाजला, २२ मे १९९७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी. तेव्हा जबलपुरात असलेल्या माणसाला भूकंपाची ही वेळ पाठ असते. कोसमघाटाकडे जमीन सरकली, शहरातल्या जुन्या घरांना चिरा गेल्या, माणसं गेली. आमच्या तळमजल्यावरच्या सराफी पेढीचं शटर इतकं हललं की त्यावरचं चुंबक चौकटीवरच्या पट्टीपासून लांब झालं आणि हूटर बोंबलू लागला. आम्ही सगळे तोवर अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आलो होतो. त्या पहाटे खरोखर चोर आला असता तर त्याला कुणी हटकलंही नसतं. उलट जिन्यावरून उतरताना आमच्या आजीला त्यानंच हात दिला असता.

चोरासाठी मात्र तो अलार्म कधीच वाजला नाही. पेढी उठली, मालाचं कपाट गेलं, पाटी गेली, आणि भिंतीवरचा पत्र्याचा डबा तेवढा राहिला. मग एका पावसाळ्यात त्यानं नवा आवाज काढला: बारीक, तीक्ष्ण, मिनिटा-दोन मिनिटांनी एकदा. दिवसा सराफ्याच्या गोंगाटात तो कुणाला ऐकू येत नसे. रात्री अकरानंतर दुसऱ्या मजल्यापर्यंत टोचायचा. वरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, भिंतीत काहीतरी किडा आहे." किडा नव्हता, बॅटरी होती. माझी सगळी नोकरी दूरसंचार कारखान्यात झाली. तारा, रिले आणि बॅटऱ्या काय म्हणतात ते मला बायकोच्या बोलण्याइतकंच कळतं. यंत्र सांगत होतं, माझी बॅटरी संपत आलीय, कुणीतरी या. प्रश्न एवढाच होता की हे 'कुणीतरी' कोण.

चोरावर पहारा ठेवण्याचा सगळा इतिहास मला तरी या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. जागं राहायचं कुणी, आणि त्याचे पैसे द्यायचे कुणी?

सगळ्यात जुना अलार्म फुकटचा होता. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त (मराठी माणसाला ते देवलांच्या नाटकामुळे ठाऊक) तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो. पक्क्या विटा असतील तर उपसायच्या, कच्च्या असतील तर कापायच्या, मातीची भिंत असेल तर भिजवायची, असं त्याचं शास्त्र. भोकाचे आकारसुद्धा ठरलेले, कमळ, सूर्य, चंद्रकोर, पूर्णकुंभ वगैरे; मोजायला दोरी विसरला म्हणून जानवं वापरतो. पण आत शिरल्यावर तो घाबरतो ते कशाला? घर जुनं आहे, दार कुरकुरेल, याला. म्हणून तो आधी पाणी शोधतो आणि दारावर शिंपडतो. ज्या घराला वंगण घालायला पैसे नाहीत त्या घराला पहारेकरी आपोआप मिळतो, ही गरिबाची सोय शूद्रकानं किती सहज नोंदवली आहे! आमच्या इमारतीच्या जिन्याच्या दारालाही वर्षानुवर्षं कुणी तेल घातलेलं नाही. ते राहू द्यावं असं माझं मत आहे.

पैसे मोजून ठेवलेला पहारा महाराष्ट्रात गावच्या जागल्याकडे आणि रामोश्यांकडे असे. ही व्यवस्था आज वाचताना फार कडक वाटते. चोरी झाली की रखवालदारानं चोराचा माग काढायचा. पावलं शेजारच्या गावच्या शिवेत गेलेली दाखवता आली तर जबाबदारी त्या गावच्या रखवालदारावर. माग आपल्याच शिवेत विरला तर नुकसान भरून द्यायचं ते रखवालदारानं. म्हणजे पहारा हा शब्दाचा नव्हता, जामिनाचा होता. गाव त्याला धान्य, जमीन, हक्क देई आणि बदल्यात तो गावाच्या झोपेचीच नव्हे तर गावाच्या मालाचीही हमी देई. पुढे इंग्रजी अमदानीत पुण्याच्या साहेब लोकांनीही बंगल्यावर रामोशी ठेवले. ठेवला नाही तर चोरी ठरलेलीच, असं तेच लिहून गेले आहेत. याला कुणी खंडणी म्हणेल. मी म्हणणार नाही. हक्क काढून घेतलेल्या माणसांनी तो हक्क दुसऱ्या वाटेनं वसूल केला. उमाजी नाइकांचं बंड त्यातूनच उभं राहिलं आणि १८३२ साली त्यांच्या फाशीनं संपलं.

आमच्या इकडे त्याच कामाचं नाव कोटवार. जबलपूर १७८१ मध्ये गोंडांकडून सागरच्या मराठ्यांकडे आलं, मग नागपूरकर भोसल्यांकडे, आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांकडे. राज्यं बदलली, कोटवार टिकला. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत तो आजही आहे, गावागणिक नेमला जातो. शहरात मात्र तो कधी दिसला नाही. शहराला कोतवाली आहे, ती आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिच्या दिशेनं आवाज जातो. तिकडून कुणी किती वेळात येतं हा वेगळा विषय.

तारेचा अलार्म आला अमेरिकेतून. बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोप यांनी १८५३ साली पेटंट घेतलं: दार किंवा खिडकी उघडली की विजेचं मंडल जुळतं आणि चुंबक घंटेवर हातोडी मारतं. कल्पनेतली खरी मेख पुढे आहे. चोरानं गडबडून दार लगेच परत लावलं तरी घंटा थांबत नाही, कारण एकदा सुटलेली कमान मंडल जुळलेलंच ठेवते. हे पेटंट १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी विकत घेतलं आणि धंदा न्यूयॉर्कला नेला. होम्स यांना एक गोष्ट लवकर कळली. घरात घंटा वाजून उपयोग नाही, ती कुणाच्या तरी टेबलावर वाजली पाहिजे. म्हणून तारा एका कचेरीत आणल्या आणि तिथं पगारी माणूस बसवला. १८७७ मध्ये बोस्टनला होम्सच्याच कचेरीत, त्याच अलार्मच्या तारांवर, दिवसा टेलिफोन जोडून दिले जात आणि रात्री त्या तारा पुन्हा पहाऱ्याला लागत. जगातल्या पहिल्या टेलिफोन फळ्यांपैकी एक अशी चोरांच्या कृपेनं उभी राहिली. कारखान्यात असताना हे मला कुणी सांगितलं असतं तर मी चहाच्या सुट्टीत दहा जणांना ऐकवलं असतं.

आपल्याकडे तार आली, घंटा आली, ती मधली कचेरी मात्र सराफाच्या पेढीपर्यंत आली नाही. आपण शटरला चुंबक लावलं, बाहेर हूटर टांगला आणि धरून चाललो की शेजारी उठतील. म्हणजे होम्सचा पगारी माणूस काढून त्याच्या जागी आम्हाला बसवलं, बिनपगारी.

हे मला डबा उघडताना शब्दशः दिसलं. पेढी जाऊन, तिचा मीटर कापला जाऊन वर्षं झाली होती. मेन नसताना बारा व्होल्टची बॅटरी काही दिवसांत गार होते आणि आवाज आपोआप बंद पडतो. हा बंद का पडत नाही, या विचारानं मी तार धरत गेलो तर ती जिन्याच्या दिव्याच्या मीटरला जोडलेली निघाली. जिन्याचं बिल आम्ही सगळे किरायेदार वाटून भरतो. रिकाम्या पेढीच्या रिकाम्या शटरवरचा पहारा इतकी वर्षं आमच्या पैशांनी चालू होता.

घरमालकांना पुण्याला फोन केला. ते म्हणाले, "काका, तो आमचा नाही हो, पेढीवाल्यांनी लावलेला." पेढीवाल्यांचा मुलगा म्हणाला, "अंकल, दुकान छोड़ दिया तो अब मकान-मालिक का." दोघंही हात झटकत होते. माझ्या वकील भाच्यानं निकाल दिला: १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार भाडेकरूनं जागेला जोडलेली वस्तू ताबा असेपर्यंतच काढून नेता येते, नंतर नाही. म्हणजे पेढीवाल्यांचं म्हणणं खरं, फक्त त्यांनी ते कायद्यामुळे नव्हे तर आळसापोटी म्हटलं होतं. घरमालकांना हे सांगितल्यावर ते दोन श्वास थांबले आणि म्हणाले, "मग काढून टाका, काका. खर्च भाड्यातून वळता करा." त्यांच्या वडिलांनी असं कधी म्हटलं नसतं, आणि १९६१ च्या भाडे कायद्याखालची आमची भाडी पाहता त्यातून वळतं करण्यासारखं फारसं उरतही नाही.

काढायची एक रीत आहे, ती सांगून ठेवतो, कारण पुष्कळ जण आधी बाहेरच्या हूटरची तार कापतात. तसं करू नये. चांगल्या हूटरच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते आणि तार कापली की तो समजतो चोरानंच कापली. मी दुपारी, शेजारच्या शाळेची मधली सुट्टी चालू असताना, म्हणजे दुसरं काही ऐकूच येत नाही अशा वेळी हात घातला. आधी जिन्याचा मेन बंद. मग डब्याचं झाकण. आतली बॅटरी फुगून पत्र्याला चिकटलेली. तिची लाल तार सोडली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, मग काळी. शेवटी शिडी लावून हूटर. तो अर्धा सेकंद किंचाळला आणि त्याचीही बॅटरी मेली.

आमच्या मोहल्ल्यात पहारा उरलाच नाही असं नाही. शिट्टी आणि काठीवाला गोरखा अजून फेरी मारतो आणि महिन्याच्या सुरुवातीला दारोदार पैसे मागतो. निम्मी दारं उघडत नाहीत. आणि सुनरहाईची दुर्गा आहे, जिला लोक नगर सेठानी म्हणतात. नवरात्रात ती सोन्याचांदीनं मढलेली, बाजूला बंदूकधारी पोलीस, समोर रात्रभर ओसरत नाही अशी गर्दी. त्या दिवसांत सराफ्यात कुणी शटरकडे पाहतसुद्धा नाही. एवढे डोळे जागे असताना चुंबकाची गरज कुणाला?

डबा मी गुरंदीला नेला. जुन्या सामानाचा तो बाजार. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या काळात माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांची कुटुंबं तिथं वसवली होती, असं जुने लोक सांगतात. दुकानदारानं बॅटरी तराजूवर टाकली, शिशाच्या भावानं पैसे दिले. ट्रान्सफॉर्मर तांब्यासाठी घेतला. पॅनल परत माझ्याकडे सरकवलं. "ये कोई नहीं लेता, बाबूजी. अब सब कैमरा लगाते हैं." मग जिन्याच्या बिलाचा हिशेब काढला. बॅटरीचे पैसे सगळ्यांत वाटले तर माणशी चहापुरतेही येत नव्हते. वहिनी म्हणाल्या ते गोरख्याला द्या. दिले. पुढच्या महिन्यापासून त्याचे पैसे जिन्याच्या बिलातच धरायचे का, यावर अजून दोन मजल्यांचं एकमत झालेलं नाही.