काजवा कसा ओळखाल? फोटो काढताना फ्लॅश का नको?

इंग्रजीत 'फायरफ्लाय' म्हणत असले तरी काजवा ही माशी नाही, तो भुंगेरा आहे. दिवसा बागेत दिसला तर दोन खुणा पाहा: डोकं झाकणारी ढालीसारखी पाठ आणि पोटाच्या टोकाला फिकट पिवळसर पट्टा. तिथेच ल्युसिफेरिन या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन थंड प्रकाश तयार होतो.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची परिसरात झाडं लुकलुकतात. ही लुकलुक म्हणजे जोडीदाराला दिलेला इशारा. टॉर्च, हेडलाइट किंवा फ्लॅशच्या उजेडात तो दिसेनासा होतो. प्रौढ काजवा थोडेच दिवस जगतो, त्यामुळे मीलन हुकलं की पुढची पिढी घटते. म्हणून फ्लॅश बंद ठेवा आणि पायवाट सोडून गवत तुडवू नका.