नऊ ऑगस्ट : धानोरा व नंदुरबार परिसरातील दिनविशेष

नऊ ऑगस्ट : (क्रांती दिन, जागतिक आदिवासी दिन). इंग्रजी कालगणनेतील एक तारीख. महाराष्ट्रात ती बहुतेक ठिकाणी १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनासाठी ओळखली जाते. नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा व आसपासच्या आदिवासी गावांत मात्र ती ‘आदिवासी दिवस’ म्हणूनच आधी आठवते. धानोरा नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाणही धानोराच आणि तोही आदिवासी मुलूख. ही नोंद नंदुरबारकडच्या धानोऱ्यापुरती आणि त्याच्या जिल्ह्यापुरती आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची, गावित, कोकणा, तडवी, वसावे अशी नावे इथल्या शाळेच्या हजेरीपटावर शेजारी शेजारी दिसतात. जिल्हा परिषदेच्या शाळांत सकाळी परिपाठ होतो. प्रार्थना, सुविचार आणि मग फळ्यावर लिहिलेला दिनविशेष. नऊ ऑगस्टला या फळ्यावर दाटी होते.

क्रांती दिन. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने ‘छोडो भारत’ ठराव मंजूर केला आणि नऊच्या पहाटेच नेत्यांची धरपकड झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, तर नेहरू, पटेल, आझाद आदींना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. त्याच दिवशी अरुणा असफ अली यांनी गोवालिया टँकवर तिरंगा फडकवला. म्हणजे हा दिवस ठराव झाल्याचा नाही. नेते तुरुंगात गेल्यावर चळवळ लोकांच्या हाती आली, त्याचा आहे. पुढे त्या मैदानाला ऑगस्ट क्रांती मैदान हे नाव मिळाले.

नंदुरबारला ही चळवळ महिन्याभराने रक्तानिशी पोहोचली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी गावात निघालेल्या विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. हाती झेंडा घेतलेला शिरीषकुमार मेहता त्यात पडला. २८ डिसेंबर १९२६ चा त्याचा जन्म, म्हणजे वय पंधरा. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही हुतात्मे झाले. ऑगस्टची नऊ आणि सप्टेंबरची नऊ यांची गल्लत मुलांकडून, कधी कधी भाषणे करणाऱ्यांकडूनही होते. ती वेळीच दुरुस्त केली पाहिजे. शिरीषकुमारची तारीख चुकणे हे या जिल्ह्यात तरी क्षम्य नाही.

जागतिक आदिवासी दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २३ डिसेंबर १९९४ रोजी ठराव करून नऊ ऑगस्ट हा जगातील मूलनिवासी लोकांचा आंतरराष्ट्रीय दिन ठरवला. तारीख निवडण्याचे कारण फारसे सांगितले जात नाही. १९८२ मध्ये याच दिवशी मूलनिवासी लोकांच्या प्रश्नांवरील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक भरली होती. या तारखेला कोणा वीराचा जन्म नाही, लढाई नाही, बलिदान नाही. आहे ती एक बैठक. पण जगातले विखुरलेले आदिवासी समाज आपले म्हणणे मांडू शकतील अशी जागा त्या बैठकीने उघडली. पुढे १३ सप्टेंबर २००७ रोजी मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. भारताने बाजूने मत दिले. मात्र भारतातील सर्वच लोक मूलनिवासी आहेत, ही सरकारची भूमिका कायम राहिली. संविधानातही ‘आदिवासी’ हा शब्द नसून ‘अनुसूचित जमाती’ आहे. संविधान सभेत जयपालसिंह मुंडा यांनी ‘आदिवासी’ शब्दाचा आग्रह धरला होता. तो मान्य झाला नाही. त्यामुळे नऊ ऑगस्टला एखाद्या गावातल्या फलकावर ‘आदिवासी दिवस’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले जाते, तेव्हा कागदोपत्री न मिळालेले नाव लोक स्वतः स्वतःला देत असतात.

महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि दादरा-नगर हवेली या पट्ट्यात हा दिवस रुजवण्यात आदिवासी एकता परिषदेचा वाटा मोठा आहे. काळूराम धोदडे, वाहरू सोनवणे ही त्यातली परिचित नावे. शहादा परिसरातील सोनवणे हे भिलोरीतून लिहिणारे कवी. ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह १९८७ चा. त्यांची ‘स्टेज’ ही कविता व्यासपीठावर कोण बसते आणि खाली कोण राहते, याच प्रश्नाची आहे. नऊ ऑगस्टच्या कार्यक्रमाकडे त्या कवितेच्या नजरेने बघावे, असे या नोंदकर्त्याला मनापासून वाटते.

दिवसाचे स्वरूप साधारण असे : पारंपरिक पेहरावात मिरवणूक, ढोल, मांदल, पावरी, बासरी, रिंगण धरून नाच. याहामोगी मातेचे, बिरसा मुंडांचे, तंट्या भिल्लाचे, खाज्या नाईकांचे नाव घेतले जाते. बिरसा झारखंडचे, त्यांचा जन्मदिवस १५ नोव्हेंबर. तो २०२१ पासून जनजातीय गौरव दिवस म्हणून केंद्र सरकार पाळते. खाज्या नाईक मात्र इथल्याच सातपुड्यातले, १८५७ च्या उठावात भिल्लांना घेऊन इंग्रजांशी लढलेले. त्यांचे नाव फळ्यावर बिरसांच्या आधी यायला हरकत नाही. भाषणांत वनहक्क कायदा (२००६), अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा पेसा कायदा (१९९६), जंगलजमिनीचे दावे आणि या दिवशी सार्वजनिक सुट्टी मिळावी ही मागणी येते.

तारखेची गोष्ट. सातपुड्यात सणाची तारीख छापील दिनदर्शिकेने ठरत नाही. दिवाळी प्रत्येक गावाची वेगळी. गावाची पंच मंडळी बसून दिवस ठरवतात, म्हणजे या गावच्या पाहुण्यांना त्या गावीही जाता येते. होळ्याही गावोगाव वेगवेगळ्या दिवशी पेटतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी त्यांतली सर्वांत मानाची. वाघदेव, नवाई, इंदल या सणांचे दिवसही पावसावर, पिकावर, नवसावर आणि गावाच्या सोयीवर. अशा मुलखात सगळ्या गावांनी एकाच दिवशी साजरा करायचा दिवस ही नवीच गोष्ट आहे. नऊ ऑगस्ट पडतो ऐन पावसाळ्यात, निंदणी-खुरपणीच्या दिवसांत. हातातले शेतकाम टाकून माणसे तालुक्याला जातात, यावरून तो किती आपलासा झाला हे कळते.

तिथीचे सण या तारखेवर अधूनमधून येऊन बसतात. २०२४ मध्ये नऊ ऑगस्टला नागपंचमी होती, २०२५ मध्ये रक्षाबंधन.

अन्य दिनविशेष. ९ ऑगस्ट १९२५ : लखनौजवळ काकोरी येथे हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनच्या क्रांतिकारकांनी रेल्वेतील सरकारी खजिना लुटला. रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान, राजेंद्र लाहिरी व रोशनसिंह यांना डिसेंबर १९२७ मध्ये फाशी झाली. या खटल्यात दहा वर्षांची शिक्षा भोगलेले रामकृष्ण खत्री बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे. ९ ऑगस्ट १९४५ : सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. मूळ लक्ष्य कोकुरा शहर होते, ते ढग व धुरामुळे दिसेना म्हणून विमान वळले. ९ ऑगस्ट १९५६ : दक्षिण आफ्रिकेत सुमारे २०,००० स्त्रियांनी पास जवळ बाळगण्याच्या सक्तीविरुद्ध प्रिटोरियात मोर्चा काढला, तेथे हा महिला दिन. ९ ऑगस्ट १९६५ : सिंगापूर स्वतंत्र झाले. ९ ऑगस्ट २०१६ : औरंगाबादेत मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला.

परिपाठाला वेळ थोडा असतो. नंदुरबार जिल्ह्यातील शाळेत यांपैकी दोनच गोष्टी सांगता येणार असतील, तर क्रांती दिन आणि आदिवासी दिन या दोन्ही सांगाव्यात, एकीसाठी दुसरी गाळू नये. त्यातही आदिवासी दिनाची गोष्ट ज्या मुलाच्या घरी भिली, पावरी किंवा मावची बोलली जाते त्याने त्याच्या भाषेत सांगावी. २०२२ ते २०३२ हे मूलनिवासी भाषांचे आंतरराष्ट्रीय दशक म्हणून संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले आहे, हेही त्याला त्या वेळी सांगावे.