ईस्टवुड, क्लिंट

ईस्टवुड, क्लिंट : (३१ मे १९३० – ). अमेरिकन चित्रपट-अभिनेता, दिग्दर्शक व निर्माता. जन्म सॅन फ्रॅन्सिस्को येथे. ‘रॉहाइड’ (१९५९–६५) या दूरचित्रवाणी मालिकेतील गुराख्याच्या भूमिकेने तो अमेरिकेत घरोघरी पोहोचला. जगभर नाव झाले ते इटालियन दिग्दर्शक सेर्जो लिओनेच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) व पुढील दोन चित्रपटांमुळे. त्यांतला डोळे बारीक करून पाहणारा, अबोल बंदूकबाज आणि डॉन सीगलच्या ‘डर्टी हॅरी’मधील (१९७१) नियम धाब्यावर बसवणारा पोलीस या प्रतिमा त्याला कायमच्या चिकटल्या.

१९६७ मध्ये त्याने ‘माल्पासो’ ही स्वतःची निर्मितिसंस्था काढली; नाव कॅलिफोर्नियातील कार्मेलजवळच्या ओढ्याचे. ‘प्ले मिस्टी फॉर मी’ (१९७१) हा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट त्याने कार्मेल परिसरातच, मुदतीआधी आणि ठरल्यापेक्षा कमी खर्चात पुरा केला. हीच पुढे त्याची रीत झाली : ठरलेले सहकारी, थोडे टेक, शांत सेट. चित्रीकरण सुरू करताना तो ‘अॅक्शन’ अशी आरोळी देत नाही. त्या आवाजाने घोडे बिथरतात, हे त्याने ‘रॉहाइड’च्या वेळी पाहिले होते; नटांचेही तसेच होते, असे त्याला वाटते.

‘अनफरगिव्हन’ (१९९२) ही त्याची सर्वश्रेष्ठ कृती. पटकथा त्याने अनेक वर्षे राखून ठेवली, भूमिकेला शोभेल एवढे वय होईपर्यंत. एकेकाळचा खुनी विल्यम मनी आता डुकरे पाळतो. चिखलात पडतो, घोड्यावर धड चढू शकत नाही. पिस्तुलाने डबा टिपायला जातो, नेम पुन्हा पुन्हा चुकतो, शेवटी घरातून मोठी बंदूक आणतो. ज्या प्रतिमेने ईस्टवुडला मोठे केले तिचीच अशी कठोर झडती दुसऱ्या कोणा नटाने क्वचितच घेतली असेल. सर्वोत्कृष्ट चित्रपट व दिग्दर्शन यांसह चार ऑस्कर मिळवणारा हा चित्रपट त्याने लिओने व सीगल या दोन गुरूंना अर्पण केला आहे.

जॅझची आवड ‘बर्ड’मध्ये (१९८८) दिसते. ‘मिलियन डॉलर बेबी’ने (२००४) त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट व दिग्दर्शन ही दोन ऑस्कर पुन्हा मिळवून दिली. ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ (२००६) हा युद्धपट जपानी सैनिकांच्या बाजूने, बहुतांशी जपानी भाषेत आहे. १९८६–८८ या काळात तो कार्मेलचा नगराध्यक्ष होता. ‘ज्यूरर नंबर टू’ (२०२४) प्रदर्शित झाला तेव्हा तो ९४ वर्षांचा होता.