भिंत सुकेपर्यंत

कैसरबागेतल्या परीखान्याच्या भिंतीला मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा आत कुणीतरी यमन घोटत होते. एकच जागा पुन्हा पुन्हा, चुकली की परत पहिल्यापासून. लखनौला येऊन तीन दिवस झाले होते. या तीन दिवसांत ओळखीचे म्हणावे असे एकही नाव दिसले नव्हते, आणि इथे अवधच्या शेवटच्या नवाबाच्या वास्तूवर वाळकेश्वरात जन्मलेल्या एका वकिलाचे नाव होते: भातखंडे. खरे सांगायचे तर त्या वेळी मला त्या नावापेक्षा भिंतीत जास्त रस होता. मी संगीतासाठी आले नव्हते. मी चुना शिकायला आले होते, आणि तेही एक चूक करून झाल्यावर.

चूक अशी. वास्तुविशारद म्हणून माझी पहिली काही वर्षे कृष्णाकाठच्या जुन्या घरांच्या दुरुस्त्यांत गेली. त्यातल्या एका वाड्याच्या ओसरीची भिंत ओल धरत होती. वीटकाम जुने, चुन्याचे, खाली गुडघ्यापर्यंत लोणा लागलेला. मी तो भुसभुशीत गिलावा खरवडून काढला आणि त्यावर सिमेंटचा घोटीव गिलावा चढवला. दिसायला सुरेख झाले. घरातल्या आजींनी मला लुगड्याचा खण दिला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्या गिलाव्याचे पोपडे सुटले, आणि ते एकटे सुटले नाहीत, विटांची पुढची अर्धी जाडी घेऊन सुटले. जमिनीतून वर चढणारे पाणी पूर्वी गिलाव्यातून बाहेर उडून जात असे. मी त्याची वाट बंद केली होती. पाणी आत कोंडले, वरवर चढत गेले, आणि त्याच्यातला खार विटेच्या पोटात साठून फुगला. दोनशे वर्षे उभ्या असलेल्या भिंतीला मी तीन वर्षांत आजारी पाडले. आजी काही बोलल्या नाहीत. फक्त त्या ओसरीवर बसायच्या थांबल्या.

लखनौच का, असे मला अनेकांनी विचारले. आपल्याकडे किल्ले आहेत, घाणीत मळलेल्या चुन्याचे तट आहेत. पण आपल्याकडे दगड आहे. दगड चुन्याच्या पुष्कळ चुका पोटात घालतो. गोमतीकाठच्या गाळाच्या प्रदेशात इमारतीचा दगड नाही, संगमरवर तर नाहीच. नवाबांनी जे बांधले ते पातळ लखौरी विटेत आणि चुन्यात. लखौरी वीट हातात घेतली तर पंजात मावते, जाडीला जेमतेम बोटभर. अशा विटांचे खांब, कमानी, घुमट उभे करायचे आणि त्यावर चुन्याने नक्षी काढायची: वेली, मेहरपी, अवधचे जोडमासे. युरोपीय जाणकारांना हे फार खुपले. जेम्स फर्ग्युसनने लखनौच्या वास्तुकलेला नाके मुरडली. त्याच्या दृष्टीने दगडाचे सोंग घेतलेला गिलावा म्हणजे अभिरुचीचा ऱ्हास. मला मात्र इथे चुन्यापलीकडे आधार नसलेल्या माणसांनी चुन्याकडून काय काय करून घेतले ते दिसते.

चौक नावाच्या जुन्या वस्तीत एका हवेलीचे काम चालू होते. तिथल्या वयस्क मिस्त्रींनी मला ठेवून घेतले. पहिले दोन दिवस त्यांनी मला थापी हातात दिलीच नाही, हौदातला विरलेला चुना ढवळायला लावला. तिसऱ्या दिवशी विचारले, 'बिटिया, तुमच्या भिंतीला काय झाले होते?' मी म्हटले, लोणा. ते हसले. 'आमच्याकडे लोना. आजार तोच दिसतो.' मग मी सिमेंटचे सांगितले. त्यावर ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, की गिलावा नेहमी भिंतीपेक्षा कच्चा हवा; दोघांपैकी एकाने मरायचे झाले तर आधी गिलाव्याने मरावे. पाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात हे वाक्य मला कुणी सांगितले नव्हते. आम्हाला मजबूत म्हणजे चांगले असे शिकवले होते.

त्यांच्या चुन्यात सुरखी पडे, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. बारीक कामासाठी उडदाच्या डाळीचे पाणी, गूळ, बेलाचा गर. आपल्याकडचे गवंडी गूळ, मेथी, हिरडा सांगतात. जिथे जे पिकते ते तिथल्या चुन्यात जाते. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला वायू निघून जातो, कळीचा चुना उरतो. पाण्यात तो उकळून विरतो. भिंतीवर लागल्यावर हवेतला तोच वायू हळूहळू परत घेत पुन्हा दगड होतो. हळूहळू म्हणजे महिने, जाड कामात वर्षे. या कामात वास्तुविशारदाला सगळ्यांत अवघड जाते ते एवढेच, की बसून राहायचे असते.

मिस्त्रींनीच मला बडा इमामबाडा नीट बघायला पाठवले. 'वर भूलभुलैयात सगळे जातात. तुम्ही खाली दालनात उभ्या राहा आणि वर बघा.' ते दालन सुमारे पन्नास मीटर लांब, सोळा मीटर रुंद, पंधरा मीटर उंच. मध्ये एक खांब नाही, लोखंड नाही, लाकडी तुळई नाही. विटा आणि चुन्याचा रांधा साच्यावर थर देत जाड घातला, तो मुरून एकजीव होईपर्यंत साचा काढला नाही. ज्या भूलभुलैयात पर्यटक हरवण्याची हौस भागवतात, त्या वाटा म्हणजे या छताभोवतीची पोकळी. भिंती भरीव केल्या असत्या तर ओझे पेलले नसते. गंमत म्हणून ही रचना कुणी केलेली नव्हती.

आराखडा किफायतुल्ला यांचा. काम सुरू झाले १७८४ मध्ये, नवाब आसफ-उद-दौला यांच्या काळात, आणि ते सुरू झाले दुष्काळामुळे. उत्तर हिंदुस्थानातला तो दुष्काळ विक्रम संवत १८४० चा म्हणून 'चालीसा' नावाने ओळखला जातो. लोकांना अन्न द्यायचे, पण काम देऊन. लखनौत एक कथा सांगतात, की दिवसा मजूर बांधत आणि रात्री अंधारात, तोंड झाकून आलेले खानदानी लोक ते पाडत. त्यांनाही पोट होते, पण मजुरी करताना दिसायचे नव्हते. ही कथा खरी असेल असे मला वाटत नाही. ज्याने हे छत घातले तो रोज रात्री कुणाला हात लावू देणार नाही. पण दुष्काळी कामावर जाण्याची लाज मात्र खरी असते. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती. घरात तो विषय निघाला की ती उठून आत जाई. त्या कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, हे मी पुस्तकात वाचले. तिच्या तोंडून एवढेच ऐकले, की सुकडी मिळायची. तिने फोडलेल्या खडीचा रस्ता कुठला हे आम्हाला कुणाला माहीत नाही. लखनौच्या त्या दालनात वर बघताना मला तो रस्ता आठवत राहिला. इथे निदान काम कुठे गेले ते दिसते.

इमामबाडा म्हणजे मोहरममध्ये शोकसभेला जमण्याची जागा. आपल्या गावांत ताबूत ज्या चौथऱ्यावर ठेवतात, दक्षिणेत ज्याला आशूरखाना म्हणतात, त्याचे हे भव्य रूप. मुळात ही गावाने एकत्र बसण्याची जागा आहे, आणि बांधतानाही ती गावाचे पोट भरण्यासाठी बांधली गेली. आसफ-उद-दौला यांची कबर याच दालनात आहे. किफायतुल्लाही इथेच असल्याचे सांगतात. ते खरे असेल तर असा मान वास्तुविशारदांना फारसा मिळत नाही. कॅनबेराचा आराखडा करणारा वॉल्टर बर्ली ग्रिफिन १९३५ मध्ये लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी या शहरात आला, झपाट्याने कितीतरी आराखडे काढले आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये इथल्याच इस्पितळात वारला. निशातगंजच्या दफनभूमीत त्याची कबर अनेक दशके नावाच्या दगडाशिवाय होती.

१८५७ नंतर इंग्रजांनी लखनौ पुन्हा आखले. बंडखोरांना लपायला गल्ल्या मिळू नयेत म्हणून वस्त्यांतून रुंद सरळ रस्ते कापले. इमामबाड्याची छावणी झाली, दालनात तोफखान्याचे सामान आले. १८८४ पर्यंत तो लोकांना परत मिळाला नाही. एक पिढी त्याच्याशिवाय मोहरम पाळत मोठी झाली. वास्तूचे नुकसान म्हटले की आम्ही तडे मोजतो. या सत्तावीस वर्षांत छताला काही झाले नाही, आणि तरी मला हेच मोठे नुकसान वाटते.

तेव्हा उलट बाजूही लिहायला हवी, कारण 'वास्तू वापरात ठेवा' हे आमच्या धंद्यातले सोपे वाक्य आहे आणि मीही ते भाषणांत वापरले आहे. गोमतीकाठचा छत्तर मंझिल गाझीउद्दीन हैदर यांनी सुरू केला, नसीरुद्दीन हैदर यांनी पुरा केला. शेजारची फरहत बख्श कोठी त्याहून जुनी, क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनानीने स्वतःसाठी बांधलेली. तिचे तळघर इतके खोल की पावसाळ्यात नदी आत येई आणि उन्हाळ्यात तिथे गारवा राही. नवाब गेल्यावर छत्तर मंझिलात इंग्रज अधिकाऱ्यांचा क्लब आला. १९५१ पासून सहा दशके तिथे केंद्रीय औषधी संशोधन संस्था होती. राजवाड्यात प्रयोगशाळा: नळ, निचरा, विजेच्या तारा, मधल्या भिंती. संवर्धनाच्या बैठकांत हे ऐकताना लोक मान हलवतात. पण छपराखाली माणसे होती म्हणून गळके छप्पर कुणाच्या तरी ध्यानात येत होते. याच शहरात कितीतरी कोठ्या ओस पडून ढासळल्या. वापराने जुन्या इमारतीला ओरखडे उठतात, आणि ओस पडली तर पिंपळ उगवतो. पिंपळाची मुळे काढणे जास्त खर्चिक असते, हा माझा अनुभव.

आणि मग पुन्हा परीखाना. वाजिद अली शाह यांनी १८४८ ते १८५२ या काळात कैसरबाग उभी केली. परीखान्यात गाणे-नाचणे शिकवले जाई. १८५६ मध्ये त्यांचे राज्य गेले, ते कलकत्त्याला मटियाबुर्जला गेले आणि दोनच वर्षांत कैसरबाग लुटली गेली. भातखंडे या शहरात आले ते त्यानंतर बऱ्याच काळाने, संगीत परिषदांच्या निमित्ताने. १९२६ मध्ये राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने इथे संगीताचे महाविद्यालय निघाले. त्याला प्रांताचे गव्हर्नर विल्यम मॅरिस यांचे नाव दिले; भातखंड्यांचे नाव लागले ते कितीतरी नंतर. १९२८ पासून श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते चालवले. दिनकर कायकिणी, के. जी. गिंडे, सुमती मुटाटकर इथल्याच परंपरेतले, तलत महमूदही इथेच शिकले.

भातखंड्यांवर आक्षेप पुष्कळ आहेत. त्यांनी घराण्यांच्या तोंडी असलेले संगीत स्वरलिपीत बांधले, उस्तादांच्या मर्जीवरून ते अभ्यासक्रमात आणले, आणि असे करताना काही निसटले, हे म्हणणाऱ्यांचे मला पटते. मिस्त्रींच्या हातातली चुन्याची घट्टपणाची जाण मी वहीत प्रमाणे लिहून घेत होते, तेव्हा मी तेच करत होते. एक भाग चुना, अमुक भाग सुरखी. मिस्त्री वही बघून म्हणाले, 'पावसात हे चालणार नाही.' मग स्वतःच जरा थांबून म्हणाले, 'पण लिहा. माझा मुलगा टाइल बसवतो.' टाइलच्या कामात रोज जास्त सुटतो, आणि ते रोज मिळते.

परत आल्यावर मला एका गावाच्या समाजमंदिराचा आराखडा करायचा होता. मी विटेच्या कमानींचे, चुन्याचे काम सुचवले. बैठकीत कुणीतरी उठून म्हणाले, 'म्हणजे आमच्यासाठी जुने, आणि तालुक्याला स्लॅब?' याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे सहसा देवळाच्या दगडावर तैलरंग आणि गाभाऱ्यात टाइल. लोकांना चकचकीत हवे असते, आणि ज्यांच्या वाट्याला आजवर पडकेच आले त्यांनी ते मागण्यात काही चूक नाही. शेवटी छप्पर स्लॅबचे झाले, भिंती विटेच्या आणि आत चुना. गावातले सहा जण चुना विरवायला आणि मळायला शिकले. त्यांतल्या एकीने पहिल्याच दिवशी विचारले, हे काम किती दिवस पुरेल. मी आराखड्यात खोल्यांची मापे दिली होती, किती दिवसांचा रोज निघेल हे कुठे लिहिले नव्हते. तेव्हापासून लिहिते.

त्या सहांपैकी दोघांना घेऊन मी वाड्यावर गेले. माझ्याच खर्चाने सिमेंट उतरवले, छिन्नी हलकी ठेवून, वितीवितीने. आतल्या विटा ओल्या होत्या, हाताला लाल चिखल लागत होता. खराब झालेल्या बदलल्या आणि भिंत उघडी ठेवली. आजी बाहेर आल्या, भिंतीकडे बघितले.

'आता गिलावा कधी?'

'सुकेपर्यंत नाही, आजी. वर्ष तरी जाईल.'

'वर्षभर अशी नागडी ठेवायची? दिवाळीला जावई येणार आहेत.'

मी म्हटले, त्यांना सांगा, काम चालू आहे. आजींनी पदराने ओसरीची कड झटकली आणि भिंतीपासून जरा अंतर ठेवून बसल्या.