सदिश चित्रण

बिंदू, रेषा व वक्र यांच्या गणिती वर्णनातून संगणकावर चित्र उभारण्याची पद्धती. आयव्हन सदरलंड यांची ‘स्केचपॅड’ (१९६३) ही तिची आरंभीची प्रणाली. फ्रान्समध्ये मोटारींच्या आरेखनासाठी विकसित झालेले वक्र (पहा : बेझिए वक्र) पुढे ‘पोस्टस्क्रिप्ट’ (१९८४) या पृष्ठवर्णन-भाषेत आले. त्रिघाती वक्र चार बिंदूंनी ठरतो : दोन टोकांचे, दोन वळण देणारे. चित्र कितीही मोठे केले तरी कडा फाटत नाहीत (पहा : पिक्सेल). छपाईच्या वेळी रेषांचे ठिपक्यांत रूपांतर होते. छायाचित्रांना ही पद्धती गैरसोयीची असते. बोधचिन्हे, नकाशे व फाँट यांत तिचा वापर होतो, र. कृ. जोशी यांच्या ‘मंगल’ या देवनागरी फाँटमधील अक्षरे अशाच बाह्यरेषांनी साठवलेली आहेत (पहा : मुद्राक्षरे). ‘एसव्हीजी’ (२००१) हे तिचे वेबसाठीचे प्रमाणरूप होय.